स्वप्नात जागे होणे कुणालाही जमते का? एका मीटर रीडरचा अनुभव

नागपूरच्या धरमपेठेतील माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत गेल्या काही वर्षांत एक प्रश्न इतक्या वेळा येऊन गेला आहे की, समोरच्या व्यक्तीने ‘मॅडम, हसणार नाही ना?’ असे म्हणताच पुढे काय येणार याचा अंदाज मला येतो. वसतिगृहात राहून नीटची तयारी करणाऱ्या मुलीने तो विचारला, मिहान या उद्योगक्षेत्रात रात्रपाळी करणाऱ्या तरुणाने विचारला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या एका शिक्षिकेने तर निघताना, दारात चपला घालता घालता विचारला. स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळावे आणि मग ते आपल्या मनासारखे वळवावे, ज्याला मुले ल्युसिड ड्रीम आणि मी सजग स्वप्न म्हणते, ते कुणालाही शिकता येते का? त्याला जोडूनच दुसरे वाक्य येते आणि खरी काळजी त्यात असते: ‘येत असेल, तर मला का जमत नाही?’

आधी उत्तर देते आणि मग अनुभव सांगते, कारण उत्तरासाठी कुणाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवणे मला आवडत नाही. बहुतेकांना हे थोडेफार शिकता येते, परंतु ठरवलेल्या रात्री हुकमी घडवून आणणे फार थोड्यांना जमते. पन्नास वर्षांतील अभ्यास एकत्र करून २०१६ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात किमान एकदा असे स्वप्न पडलेले असते आणि सुमारे २३ टक्क्यांना ते महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा पडते. म्हणजे ही गोष्ट सिद्धपुरुषांची नाही, तशी ती नळ फिरवला की पाणी यावे इतकी सोपीही नाही.

ही कल्पना आहे की निव्वळ थाप, अशी शंका अनेकांना असते. झोपेच्या ज्या टप्प्यात ठसठशीत स्वप्ने पडतात, त्यात आपले स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडलेले असतात, मात्र डोळ्यांची हालचाल चालू राहते. याच फटीचा उपयोग करून १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ले या स्वप्न पाहणाऱ्याशी आधीच ठरवून घेतले होते की, स्वप्नात असल्याचे कळले की डोळे ठरावीक वेळा डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. तो संकेत झोपेची नोंद करणाऱ्या यंत्राच्या कागदावर उमटला. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवून दिले. २०२१ साली तर झोपलेल्या माणसाला ‘आठातून सहा गेले किती?’ असे विचारले असता त्याने स्वप्नातून डोळे दोनदा फिरवून उत्तर दिल्याची नोंद झाली. तेव्हा घटना खरी आहे. आपल्याला ती कशासाठी हवी आहे, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळा विचारत नाही; तो माझ्या खुर्चीसमोर बसल्यावर विचारावा लागतो.

देवरावजी (हे नाव खरे नाही; वस्ती आणि घरातील काही तपशीलही बदलले आहेत, व्यवसाय मात्र त्यांच्या परवानगीने तसाच ठेवला आहे) एप्रिल २०२४ मध्ये आपल्या मुलासोबत आले. वीज मंडळात मीटर रीडर म्हणून पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन. मुलगा निखिल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. बोलायला त्यानेच सुरुवात केली.

“मॅडम, बाबांना रात्री पुराची स्वप्नं पडतात. मी त्यांना सांगून राहिलो की, ल्युसिड ड्रीमिंग शिका आणि पाणी थांबवून टाका. पण ते ऐकत नाहीत.”

देवरावजी या सगळ्यात गप्प होते. त्यांची नजर खिडकीकडे होती. मग ते अगदी हळू म्हणाले, “मॅडम, ते कूलर जरा बंद करता का जी?”

बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढे होता. एप्रिलच्या दुपारी कूलर बंद करायला सांगणारा नागपूरकर मी त्याआधी पाहिला नव्हता. मी बटण बंद केले. पंपाची घरघर थांबली, ताट्यांवरून टाकीत पडणाऱ्या पाण्याची टपटप आणखी मिनिटभर चालली आणि मग तीही थांबली. त्या मिनिटभरात देवरावजींच्या उजव्या हाताची बोटे खुर्चीच्या दांड्यावर घट्ट रुतलेली होती आणि आवाज थांबल्यावर ती एकेक करून सुटली.

२२ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात जो पाऊस झाला, तो ज्यांनी अनुभवला त्यांना त्याचे वर्णन सांगावे लागत नाही. इतरांसाठी एवढेच की, काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदी फुगली आणि २३ तारखेच्या पहाटे तिच्या काठच्या वस्त्यांमधील तळमजले झोपलेल्या माणसांसह पाण्यात गेले. देवरावजींचे घर अशाच एका वस्तीत होते. पलंगावरून पाय खाली ठेवला तो पाण्यात पडला. पाण्यात वीज उतरली तर काय होते, हे घरात त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून बायकोला, जिच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसवले आणि टॉर्च घेऊन ते मेन स्विचकडे निघाले. आणि तो त्यांना सापडेना. स्वतःच्या घराचा, स्वतः बसवून घेतलेला स्विच! तीन-चार मिनिटे ते भिंत चाचपत राहिले. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी नंतर दोघांना ओढून वर घेतले. त्या भागाचा पुरवठा आधीच बंद झालेला होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

“पस्तीस वर्षं विजेत काढली,” ते म्हणाले, “आणि माझ्याच घरचा मेन स्विच मले नाही सापडला.”

स्वप्न नेमके हेच होते. पलंग, पाणी, टॉर्च आणि जिच्यावर स्विच नाही अशी भिंत. आठवड्यातून तीन-चार रात्री ते पडत होते. मी विचारले की, सप्टेंबरपासून सतत असेच आहे का? नाही, जानेवारीपर्यंत ती स्वप्ने जवळपास थांबली होती आणि मार्चअखेर पुन्हा सुरू झाली. मार्चअखेर घरात काय बदलले? निखिल म्हणाला, काहीच नाही. देवरावजींच्या पत्नी पुढच्या वेळी सोबत आल्या तेव्हा त्यांनी एका वाक्यात सांगितले, “यांच्या उशाच्या खिडकीत कूलर बसवला.” झोपेत कानांवर पडणारे आवाज स्वप्नात शिरतात, हे आपल्या सर्वांना गजराच्या अनुभवाने माहीत असते, तरीही सहा महिन्यांनी एखाद्याचे दुःस्वप्न का परतले, याचा शोध घेताना खिडकीकडे कुणी पाहत नाही. कूलर दिवाणखान्यात हलवला, तेव्हा स्वप्ने आठवड्याला दोनवर आली. हा माझ्या कौशल्याचा भाग नव्हता, त्या दुपारी माझा कूलर चालू होता एवढेच. तरी तो धागा पकडल्याचे समाधान मी नाकारणार नाही.

येथे थोडे थांबून काळजीची एक गोष्ट सांगते. वय झालेली व्यक्ती झोपेत जोराने हातपाय झाडत असेल, ठोसे मारत असेल, पलंगावरून पडत असेल, तर ते केवळ स्वप्न म्हणून सोडून देऊ नये, कारण झोपेत स्नायू सैल राहण्याची यंत्रणा बिघडल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला हवे. देवरावजींच्या पत्नी पहिल्यांदा आल्या, तेव्हाच मी त्यांना हा प्रश्न विचारला. तसे काही नव्हते. देवरावजी फक्त घामाघूम होऊन उठत. तरीही आघातानंतरच्या लक्षणांसाठी मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी तपासून, तूर्त औषधाची गरज नाही, समुपदेशन चालू ठेवा, असे कळवले आणि आम्ही पुढे गेलो.

दुःस्वप्नांवर सर्वांत साधा उपाय जागेपणीच करायचा असतो. स्वप्न कागदावर लिहायचे, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि ते नवे स्वप्न दिवसा दहा-पंधरा मिनिटे डोळ्यांसमोर आणायचे. बॅरी क्रॅकॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर या पद्धतीचा केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर ती जगभर रुळली. मी देवरावजींना विचारले की, शेवट कसा हवा? ते बराच वेळ विचार करत राहिले, म्हणून मीच सुचवले: स्विच सापडतो, तुम्ही तो खाली ओढता, पाणी ओसरू लागते. त्यांनी शिस्तीने ते लिहून काढले, रोज दिवेलागणीला वाचले, आणि तिसऱ्या आठवड्यात वही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “मॅडम, राग नका मानू. हे मले पटून नाही राहिलं जी. स्विच पाडल्यानं लाईन बंद होते, पाणी काऊन ओसरंल?”

मी त्या वाक्यावर हसले, आणि ते निघून गेल्यावर अस्वस्थ झाले. पाणी थांबावे ही इच्छा कुणाची होती? निखिलची होती, कारण त्याला बाबांचे दुःख पाहवत नव्हते. माझी होती, कारण मला एक नेटका शेवट हवा होता. देवरावजींना पाणी थांबवायचे नव्हतेच.

दरम्यान निखिल माझ्याकडे वेगळा येऊ लागला होता. वडिलांना शिकवायला निघालेला हा मुलगा स्वतः चार महिन्यांपासून प्रयत्न करत होता. रोज पहाटे सव्वाचारचा गजर, उठून अर्धा तास वाचन, पुन्हा झोपण्याचा प्रयत्न. स्वप्नांच्या नोंदींच्या चार वह्या. दिवसातून तीस वेळा तळहाताकडे पाहून ‘मी स्वप्नात आहे का?’ असा प्रश्न. चार महिन्यांत सजग स्वप्न एकही नाही. वर्गात डुलक्या, एका विषयात नापास, आणि चेहऱ्यावर हरल्याचे भाव.

“न जमल्यास काय होईल?” मी विचारले.

“काही नाही होत. पण जमायलाच पाहिजे ना, मॅडम? एवढ्या लोकांना जमते.”

“‘जमावे’ आणि ‘जमायलाच पाहिजे’, यात तुला काही फरक दिसतो का?”

तो म्हणाला, शब्दांचा फरक आहे. मी म्हटले, आज रात्री मोजून पाहा: पहाटेच्या गजरानंतर पुन्हा झोप लागायला किती वेळ लागतो? पुढच्या वेळी त्याने आकडा आणला: पन्नास मिनिटे, कधी कधी लागतच नाही. पडल्या पडल्या तो स्वतःला तपासत असे: लागली का झोप? आता जमेल का? आता?

माझी सारी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे आणि इच्छेचे जेव्हा हट्टात रूपांतर होते तेव्हा माणूस स्वतःला कसा छळतो, हे मी गेली पंचवीस वर्षे पाहत आले आहे. परीक्षा, लग्न, पगार, मूल, या सर्व ठिकाणी हट्ट करूनही कधी कधी गोष्ट मिळते, म्हणून हट्टाची किंमत माणसाच्या लक्षात येत नाही. झोपेच्या बाबतीत मात्र हट्टाचा हिशोब त्याच रात्री चुकता होतो. येथे ॲडलेड विद्यापीठातील डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासाची मला फार मदत झाली. दिवसा ‘हे स्वप्न तर नाही ना?’ असे तपासणे, झोपल्यावर पाच तासांनी उठणे आणि ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल’ असे मनात घोळवत पुन्हा झोपणे, या तिन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना आठवडाभराच्या सरावात सुमारे १७ टक्के यश मिळाले. मात्र तो निश्चय घोळवून झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते. निखिलने तो आकडा पाहिला, आपले पन्नास मिनिटांचे आकडे पाहिले आणि वही मिटली.

“म्हणजे मी झोपायचं?”

“आधी महिनाभर फक्त झोपायचं.”

देवरावजींकडे परत येते. शेवट बदलण्याचा नाद मी सोडून दिला आणि एका भेटीत त्यांना त्यांच्या कामाविषयी विचारले. रीडिंग कसे घेत असत? त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतवारीच्या अरुंद बोळांतील जुन्या वाड्यांमध्ये जिन्याखाली, कोळशाच्या पोत्यांमागे बसवलेले मीटर, कुत्री, जळमटे, दुपारची उन्हे. “आधी पाहायचं, लिहायचं, आणि निघायच्या आधी परत पाहायचं. पहिल्या वर्षी एका घरी तीनचा आठ लिहिला होता मी. बाई बिल घेऊन ऑफिसात आली आणि सगळ्यांसमोर मले बोल बोल बोलली. तेव्हापासून दोनदा.” ती सवय अजून आहे का? आहे, बसचा नंबर असो की भाजीचा हिशोब, ते आजही दोनदा पाहत.

स्वप्नातील अक्षरे आणि आकडे स्थिर राहत नाहीत. एकदा वाचून नजर फिरवली आणि पुन्हा वाचले, तर बहुधा ते बदललेले असतात. झोपेच्या त्या टप्प्यात मेंदूच्या पुढच्या भागातील विसंगती टिपणारे काम मंदावलेले असते, म्हणून बदल झाला तरी आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण दोनदा पाहण्याची सवय जर हाडीमाशी खिळलेली असेल, तर ती स्वप्नातही सोबत येते. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ असे आपण म्हणतो; हाती वसते तेही दिसते, असे मी त्यात भर घालून सांगत असते. देवरावजींना मी एवढेच सांगितले की, आकडे दोनदा पाहाल तेव्हा एक प्रश्न जोडा: हे जागेपण आहे ना? आणि प्रश्न खरोखर विचारा, उरकू नका. पाणी थांबवण्याचे, स्विच शोधण्याचे नावही काढले नाही. निखिलला हे फार मागासलेले वाटले. “ही तर सगळ्यात बेसिक पद्धत आहे, मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे बरोबरच होते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात देवरावजी एकटे आले. बाहेर पाऊस होता. छत्री कोपऱ्यात उभी करून, तिच्याखाली पाणी साचू नये म्हणून त्यांनी पायपुसणे सरकवले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मॅडम, काल मीटरनं खोटं सांगितलं.”

नेहमीचेच स्वप्न होते. पाणी पोटऱ्यांपर्यंत. हातात टॉर्च. भिंत चाचपताना या वेळी हाताला स्विचऐवजी मीटरची पेटी लागली, जी त्यांच्या घरात त्या भिंतीवर नाहीच. त्यांनी सवयीने रीडिंग वाचले: चार हजार एकशे बहात्तर. सवयीनेच परत पाहिले. दोन हजार आणि काहीतरी. तिसऱ्यांदा पाहिले तर आकडे मुंग्यांसारखे चालू लागले होते.

“पस्तीस वर्षांत मीटर असं नाही वागलं जी. बंद पडते, जळते, उलटं फिरवतात लोकं. पण पाहता पाहता आकडा नाही बदलत. मग म्हटलं, हे काही खरं नाही. हे ते आहे.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काही नाही.” ते थोडे संकोचले. “टॉर्च बंद केला. टेबलावर बसलो, आमच्या हिच्या बाजूला. पाणी येऊन राहिलं होतं. येऊ दिलं.”

“भीती?”

“होती. पण ती जशी पिक्चर पाहताना असते, तशी. आणि मॅडम, पाणी कोमट होतं. त्या रात्री ते बर्फासारखं गार होतं. मी पायानं हलवून पाहिलं. कोमट.”

किती वेळ टिकले ते? “एका घराचं रीडिंग घ्यायला लागतो तेवढा,” ते म्हणाले. मग जाग आली, घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती, त्यांनी ते दोनदा पाहिले आणि लघवीला जाऊन आले.

माझ्या कामात टाळ्यांचे प्रसंग नसतात. समोरचा माणूस निघून गेल्यावर दोन मिनिटे खिडकीशी उभे राहावे, इतकाच उत्सव असतो, आणि त्या दिवशी मी पाचएक मिनिटे उभी राहिले. जे स्वप्न जिंकण्यासाठी म्हणून घरात तीन महिने खटपट चालली होती, त्यात या माणसाला हुकूम चालवण्याची मुभा मिळाली तेव्हा त्याने टॉर्च बंद केला आणि बायकोशेजारी जाऊन बसला. त्या रात्री जे करायला वेळ मिळाला नव्हता, तेच त्याने केले. स्विच न सापडल्याचा अपराध त्याच्या मनात होता. परंतु त्यामागचे दुःख, बायकोला अंधारात एकटी टेबलावर सोडून आलो हे, तोवर एकाही भेटीत शब्दांत आले नव्हते. पुढच्या दोन भेटी आम्ही त्यावरच बोललो. तिसऱ्या भेटीला त्या स्वतः आल्या आणि म्हणाल्या की, मी तर त्या वेळी देवाचे नाव घेत होते, हे भिंतीला काय करत होते ते मला दिसलेही नाही. देवरावजी त्यांच्याकडे बघतच राहिले.

ऑगस्टअखेर दुःस्वप्न महिन्यातून एकदा किंवा तेवढेही नाही, इथपर्यंत आले. आता कबुलीची गोष्ट: सजग स्वप्न त्यांना त्यानंतर पुन्हा पडले नाही, आणि दुःस्वप्ने कमी होण्याचे श्रेय त्या एका स्वप्नाला द्यावे, इतके पुरावे माझ्याकडे नाहीत. कूलर हलला होता, लिखाण झाले होते, बोलणे झाले होते. २००६ साली नेदरलँड्समध्ये दुःस्वप्नांनी त्रस्त लोकांना ही कला शिकवून पाहण्याचा एक छोटा प्रयोग झाला होता. त्यात दुःस्वप्ने घटली, पण त्यासाठी स्वप्नात सजग होणे आवश्यक ठरले नाही. केवळ ‘या स्वप्नाशी मी काही करू शकतो’ ही जाणीवही काम करत असावी. दुःस्वप्नांपासून सुटण्यासाठी ल्युसिड ड्रीम शिकायलाच हवे, असे समजून जे माझ्याकडे येतात, त्यांना मी म्हणून ही गोष्ट सांगते.

अधूनमधून कुणी विचारते की, हे सर्व आपल्याकडे आधीपासून होतेच ना? मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय यांचा विचार आहे, आणि तिबेटी बौद्ध परंपरेत स्वप्नयोगाची साधना आहे; परंतु त्या साधनेत स्वप्नात जागे होण्याचा हेतू उडणे किंवा मनासारखे सुख ओरपणे हा नसून, जे दिसते ते मनाचेच आहे हे ओळखणे हा आहे. देवरावजींना यातील काहीही माहीत नव्हते. पाणी कोमट आहे, हे त्यांनी पायाने हलवून पाहिले.

ज्यांना गंमत म्हणून किंवा जिज्ञासेने प्रयत्न करायचा आहे, त्यांना माझी आडकाठी नाही. सात तासांची झोप आधी वसूल करावी; स्वप्नांचे लांब टप्पे पहाटेकडे असतात, आणि जो पाच तासच झोपतो तो तेच कापून टाकतो. उशाशी वही ठेवावी आणि जाग आल्यावर हालचाल न करता आधी आठवावे, मग लिहावे. ज्याला स्वप्ने आठवतच नाहीत, त्याला सजग स्वप्न पडले तरी कळणार कसे? दोन आठवड्यांच्या नोंदींत आपल्या स्वप्नांची वारंवार येणारी खूण सापडते: जुनी शाळा, सुटलेली गाडी, हयात नसलेली माणसे. ती खूण दिसली की आठवायचे, असा निश्चय झोपताना करावा. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहणे हीदेखील चांगली तपासणी आहे, कारण स्वप्नात नाक बंद असूनही श्वास घेता येतो. पाच तासांनी उठण्याचा प्रयोग आठवड्यातून फार तर एक-दोनदा, सुट्टीच्या आदल्या रात्री करावा, आणि पुन्हा झोप लागत नसेल तर तो सोडून द्यावा. स्वप्नात असल्याचे कळले की बहुतेकांना आनंदाने जाग येते. तेव्हा हात एकमेकांवर चोळावेत, जमिनीकडे पाहावे, घाई करू नये. असे प्रयोग करताना कधी शरीर हलत नाही आणि छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते; स्नायू जागे होण्याआधी मन जागे झाले, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि ते मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. परंतु ज्यांना पूर्वी भास झाले आहेत, उन्मादाचे झटके आले आहेत, किंवा जागेपणीच सारे खोटे वाटण्याचा त्रास आहे, त्यांनी यात पडू नये. आणि स्मृतिभ्रंशावरील गॅलंटामिनच्या गोळ्या यासाठी ऑनलाइन मागवणाऱ्यांना मी स्पष्ट शब्दांत ओरडते; प्रयोगशाळेत देखरेखीखाली काय झाले हा वेगळा विषय आहे.

निखिलने वडिलांचे स्वप्न ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, “पण बाबा, तुम्ही उडाले काऊन नाही?” त्यावर देवरावजी म्हणाले होते, “तुझी आई टेबलावर होती ना रे.” तो महिनाभर झोपला, पुढचाही महिना झोपला, राहिलेला विषय निघाला. सजग स्वप्न त्याला अजून पडलेले नाही; एकदा पडले असावे अशी त्याला शंका आहे, पण वही उशाशी नव्हती. मी विचारले, वाईट वाटते का? “वाटते,” तो म्हणाला, “पण चालून राहिलं.”

या वर्षी मार्चच्या शेवटी देवरावजींचा फोन आला. कूलरच्या ताट्या बदलल्या, टाकी घासली, पंपाला तेल दिले, असे सगळे क्रमाने सांगून झाल्यावर ते म्हणाले की, तो पुन्हा उशाच्या खिडकीत बसवला आहे.

“झोप लागते?”

“लागते जी. आवाज येते थोडा.” मग जरा थांबून, “काल टाकी भरली का नाही म्हणून रात्री दोनदा उठून पाहिलं.”